डावी फळी

"सांगू, की नको सांगू? एवढंच विचारायला आलोय, बुवा."

हेरंब सबनीसने हे तिसऱ्यांदा विचारलं.

केवलबुवा चिंच फोडत बसले होते. टरफलं एकीकडे, चिंचोके एकीकडे. एक चिंचोका टुणकन उडून ओट्याखाली गेला. बुवा उठले, खाली उतरले, शोधून घेऊन आले आणि पुन्हा बसले.

डोंगरावरचा मठ म्हणायचा, पण मठ म्हणजे काय, तर एक दगडी खोली. तिला जाडजूड दार, दारापुढं ओटा, ओट्यावर बुवा.

हेरंब पुण्याहून सकाळीच निघाला होता. पायथ्याशी गाडी लावून, तीनशे पायऱ्या धापा टाकत चढून आला होता. वय एकेचाळीस. सुट्टीचा दिवस, तरी पाठीवर कंपनीची बॅग होतीच. ती नसली की त्याला पाठ उघडी वाटायची.

"काय सांगायचं, कुणाला सांगायचं... नीट सांग," बुवा म्हणाले. "तुमच्यातलं मला ओ की ठो कळत नाही."

हेरंबने घसा साफ केला.

"परदेशातला एक विमानतळ आहे. तिथं बॅगांना चिठ्ठ्या लावतात, कुठली बॅग कुठल्या विमानात जायची त्याच्या. त्या चिठ्ठ्या काढणारा प्रोग्राम आमची कंपनी सांभाळते. फार जुना आहे. तो ज्या भाषेत लिहिलाय, ती आता कुणी शिकत नाही."

"तुला येते."

"मला तेवढीच येते."

बुवांनी चिंच फोडली.

"तुझ्या मजल्यावर माणसं किती?"

"साठ होती. आता तीन. त्यातले दोघं घरूनच काम करतात."

बुवांनी मनातल्या मनात वजाबाकी केली असावी.

न विचारताच हेरंब पुढं सांगत गेला. जो तो कंपनी सोडून जातो. जाताना केक आणतो. केक कापायची सुरी हेरंबच्या खणात असते. पहिल्यांदा कुणीतरी विसरून गेलं होतं, तेव्हापासून ती तिथंच. गेल्या वेळी केक अर्ध्याहून जास्त उरला. चार दिवस तो डब्यानंतर एकेक तुकडा खात होता.

"आणि आमच्याकडे दिवे आपोआप लागतात, बुवा. माणूस हलला की लागतात, नाही हलला की विझतात. साठ जण होते तेव्हा विझल्याचं आठवतच नाही. आता मी टाइप करत असतो आणि एकदम अंधार होतो. मग असा..."

त्याने हात उंच करून दोनदा हलवला.

"असा हात करावा लागतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा."

खालच्या वाडीतली सगुणाबाई डोक्यावर पाटी घेऊन पायऱ्या चढत होती. तिला वाटलं, पाहुणा आपल्यालाच हात करतोय. तिनंही खालून हात केला.

हेरंबचा हात जरा वेळ तसाच वर राहिला.

"माणूस ओळखीचा आहे की नाही ते न बघताच हात करते ती," बुवा म्हणाले. "बरं, मग आता अडलंय कुठं?"

"सोमवारी एक मुलगी येणार आहे. गार्गी नाव. माझं काम तिला शिकवायचं. मग मला नव्या कामाच्या वर्गात घालणार. वर्गात सगळी बाविशी-तेविशीची पोरं. त्यांच्यात बसून पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची. जमलं तर राहिलो. नाही जमलं तर..."

त्याने बॅगेचा पट्टा ओढून घट्ट केला.

"मग शिकव तिला."

"आधी दोघांना शिकवलंय. दोनशे पानांची वही लिहून दिली होती."

"सगळं लिहिलंस?"

हेरंबने चिंचोक्यांच्या ढिगाकडे पाहिलं...

"एक सोडून."

बुवा थांबले. फुटलेली चिंच हातातच राहिली.

"त्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढंमागं करतात," हेरंब म्हणाला.

"कशाला?"

"उन्हासाठी."

"मग? ऐकतं ऊन?"

"ते जाऊ द्या हो. त्या दिवशी प्रोग्राममधला एक आकडा हाताने बदलावा लागतो. नाही बदलला तर एका विमानातल्या बॅगा दुसऱ्याच विमानात जातात. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दोन्ही वेळा बॅगा चुकल्या. दोन्ही वेळा साहेबांनी हात जोडून मला परत बोलावलं."

सांगता सांगता त्याचा आवाज नकळत एक पायरी चढला होता. पाठही ताठ झाली होती.

"आणि ती दोघं?"

"गेली सोडून..."

पाठ पुन्हा वाकली.

"तेव्हापासून साहेबांचं एकच पालुपद. सबनीस, तू हललास तर हे कोण बघणार? आठ वर्षं झाली, नवं काही हातात आलं नाही. पण तेवढं एक माझं आहे, बुवा. तेही दिलं, तर उद्या मला कोण विचारेल? म्हणून म्हणतो, सांगू, की नको सांगू?"

"तहान लागलीय," बुवा म्हणाले. "आत माठ आहे. तांब्याभर पाणी आण बघू."

हेरंब उठला. त्याने दार ढकललं. हललं नाही. कडी शोधली. कडी नव्हतीच. दोन्ही फळ्या चाचपल्या, फटीत बोटं घालून ओढून पाहिल्या. मग पाठीवरची बॅग उतरवून ठेवली आणि खांदा लावला.

दार जागच्या जागी.

"आतून लावलंय का?"

"लावायला आत आहे कोण?"

तेवढ्यात सगुणाबाई ओट्याशी पोचली. एक हात डोक्यावरच्या पाटीला, दुसऱ्यात ताकाची किटली.

"सरका जरा, दादा."

तिनं डाव्या फळीखाली पायाचा अंगठा घातला, फळी बोटभर उचलली आणि उजवीला कोपराने ढोसलं. दार उघडलं. आत जाऊन पाटी ठेवून ती बाहेर आली, तसं दार मागोमाग आपसूक मिटलं.

"बुवा, भाकर ठिवलीया. ठेचा न्हाई आनला. काल प्वाट धरून कोन बसलं हुतं?"

"ताक?"

"आनलंय. पाव्हन्यालाबी द्या. एकट्यानं समदं ढोसू नगा."

आली तशी ती उतरून गेली. तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ खाली खाली जात राहिला.

हेरंबने बूट काढले. फळीखाली अंगठा घातला. पहिल्यांदा फसलं, दुसऱ्यांदा दार उघडलं. पाणी घेऊन बाहेर आला तेव्हा चेहरा पाटीवर पहिलं अक्षर उमटलेल्या मुलासारखा झाला होता. खोली आत गारढोण होती. तिला खिडकी नव्हती.

"ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे?"

"येईल त्याला सांगतो. मी नसलो तर सगुणा सांगते."

"मग दार कशाला ठेवलंय?"

"कुत्र्यांसाठी."

"आणि मग तुम्ही कशाला?"

बोलून झाल्यावर हेरंबने जीभ चावली. बुवा मात्र पोट हलेपर्यंत हसले.

"वाडीतली माणसंही हेच विचारतात. म्हणून तर मला चार दिवस बहिणीकडे जाता येतं."

हेरंब दाराकडे बघत राहिला. बारकाईने बघायची त्याला सवयच होती. डावी फळी काळीकुट्ट, तुपकट. उजवी त्या मानाने फिकी, रेघाही वेगळ्या.

"उजवी नवी आहे."

"नवी कसली? बत्तीस वर्षं झाली."

"जुनीचं काय झालं?"

"फोडली."

"कुणी?"

"मी."

वारा आला. चिंचेची टरफलं ओट्यावरून घरंगळत गेली. या वेळी बुवा ती गोळा करायला उठले नाहीत.

"आमच्या महाराजांनी दाराची युक्ती कुणाला सांगितली नव्हती," ते म्हणाले. "आम्हाला लांब उभं करायचे, आमच्याकडे पाठ करायचे, आणि दार उघडायचं. लोक दहा-दहा कोसांवरून बघायला यायचे. महाराजांनी नुसता हात लावला की उघडतं म्हणून. मीसुद्धा तेच बघून राहिलो इथं."

"मग?"

"एक दिवस पहाटे आत पडले. खुबा मोडला. दार लागलेलं. आम्ही सात शिष्य बाहेर."

"मग लगेच फोडायचं ना!"

"महाराजांचं दार... कुऱ्हाड कोण लावणार? एकमेकांची तोंडं बघण्यात दुपार झाली. मग मी लावली."

"आणि महाराज?"

"दार फुटेपर्यंत गेले होते."

हेरंब बसल्या जागी पुढं सरकला. त्याला राहवेना.

"पण बुवा, आवाज तर येत असेल ना आतून? एवढंसं तर आहे! डावी फळी पायाने उचला, उजवी ढकला. आतून ओरडून सांगायला कितीसा वेळ लागतो?"

"आवाज येत होता. आम्हीही सातजण घसा फोडून ओरडत होतो. महाराज सांगा, कसं उघडायचं तेवढं सांगा..."

"मग काय म्हणाले ते?"

बुवांनी तांब्या उचलला. सावकाश, थांबत थांबत पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"म्हणाले, थांबा रे... मीच उठून उघडतो."