भुंड्याची काकडी

माणसांना शाळा काढायचं सुचलं त्याच्याही आधीची गोष्ट. एका चिंचेवर भुंड्या नावाचं म्हातारं माकड राहायचं. टोळीत अक्कल ती आपल्यालाच, अशी त्याची खात्री. टोळीने आणलेल्या काकड्यांतला पहिला वाटा त्याचा.

एकदा त्याने नातवापुढे, टिकल्यापुढे, सारख्या दोन काकड्या ठेवल्या आणि एकीचे चार तुकडे केले. "सांग, जास्त कुठं?"

"तुकड्यांत! चार आहेत की!"

"गाढवा! खाऊन बघ, म्हणजे कळंल, एकच काकडी आहे ती."

टिकल्याने सगळे तुकडे खाल्ले आणि डोकं खाजवलं.

"मामंजी, लहान आहे तो. वय झालं की आपसूक कळेल," सून म्हणाली.

"तू गप्प बस! मी शिकवल्याशिवाय कळतंय होय?"

मग रोज तेच. दुसरा हंगाम आला तरी टिकल्याचं उत्तर बदललं नाही. वाटा शिकवण्यात जाऊन भुंड्या वाळला, पण हट्ट सोडला नाही.

एका दुपारी त्याला वरच्या फांदीवरून टिकल्याचा आवाज आला. तो धाकट्या बहिणीला सांगत होता, "दोन्हीकडे सारखंच असतं गं. मला कधीचं कळलंय."

"मग आज्याला सांगत का नाहीस?"

"येडी का तू? तुकडे बंद होतील. आता तू मोठी झालीस, उद्यापासून तू बस. विचारलं की चार जास्त म्हणायचं."

भुंड्या गुपचूप खाली उतरला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही काकड्या अख्ख्या खाल्ल्या आणि टोळीभर सांगत सुटला, "बघा, शेवटी शिकवलंच की नाही मी पोराला!"