नळाची चावी

सोलापुरातल्या एका चाळीचे मालक वीरभद्रप्पा हत्तुरे भाडं रोख घेत, पावती मात्र कधी देत नसत. विड्या वळून पोट भरणाऱ्या नरसूबाई गड्डम यांची खोली हत्तुरेंना रिकामी करून हवी होती. म्हणून त्यांनी दावा ठोकला, की या बाईनं वर्षभर भाडंच दिलेलं नाही.

सहा तारखा नुसत्या हेलपाट्यात गेल्या. सातवीला एकदाचा पुकारा झाला.

"भाडं दिल्याचा पुरावा आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पावती मागून मागून तोंड दुखलं, साहेब. मालकांनाच एक विचारू का?" नरसूबाई कठड्याला टेकून म्हणाल्या. "मालक, भाडं थकवणाऱ्याचं तुम्ही काय करता?"

हत्तुरेंची छाती फुगली. "पाच तारीख उलटली की त्याच्या नळाची चावी बंद! सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. विचारा चाळीत कुणालाही!"

वकिलानं त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"मग माझी चावी वर्षभरात किती वेळा बंद केलीत?"

हत्तुरेंनी तोंड उघडलं. मागच्या बाकावर अख्खी चाळ बसली होती. त्यांनी तोंड मिटलं.

न्यायाधीश हसून लिहू लागले. बाई हसल्या नाहीत.

"निकाल सावकाश लिहा, साहेब. आमच्याकडे चार दिवसांनी आज पाणी येतंय. मी घरी पोचेपर्यंत चावीला हात लावू नका, एवढं मालकांना आत्ताच सांगा."