उघड्या तोंडाचं पाणी

ही समोर दिसते ना, ती दगडी दोणी. देवीच्या देवळापुढे, त्या उंबराच्या अलीकडे, उघड्यावर. एकाच दगडात कोरलेली आहे, कुठे सांधा सापडायचा नाही. तिच्या शेजारचा हा बसका दगड म्हणजे बैठक. ताई, त्यावर बसू नका. बसल्यानं काही होत नाही, पण गावातल्या कोणी पाहिलं तर उगाच बोलणं नको. या, सावलीत या.

तुम्ही कशासाठी आलात ते मुख्याध्यापकांनी मला सांगितलं. शहरात तुमचा मोठा महोत्सव आहे, सगळ्या जातीजमातींच्या कला एका मंचावर, आणि पत्रिकेवर छापलं आहे की इथे कोणी परका नाही. तुम्हाला त्यात आमच्या सावरखिंडीचा बोहाडा, म्हणजे मुखवटे बांधून देवादिकांची सोंगं नाचवायचा उत्सव, पाहिजे. बोहाड्याच्या शेवटी सगळी सोंगं मुखवटे उतरवून एका दोणीचं पाणी पितात, ते तर पाहिजेच पाहिजे. तो फलक तुमच्यासारख्यांसाठीच लावलाय, ‘एकोप्याची दोणी’ म्हणून. रंग ताजा आहे, हात लावू नका. आम्ही तिला कधी असं म्हटलं नाही. आम्ही या पाण्याला उघड्या तोंडाचं पाणी म्हणतो. का म्हणतो ते ऐका आणि मग काय न्यायचं ते न्या. मी आश्रमशाळेत मास्तर होतो, तेव्हा गोष्ट सरळ सांगेन.

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा या खोऱ्यात प्रत्येक पाड्याचा देव वेगळा, नाच वेगळा आणि भांडण मात्र सामाईक होतं, असं सांगतात. एका वर्षी पाटलाच्या मनात आलं, की सगळ्या पाड्यांचा मिळून एकच बोहाडा करावा. त्यानं घाटावरून भागोजी नावाचा सुतार बोलावला. मुखवटे कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यानं लाकडाला डोळे दिले की लहान मुलं आईच्या मागं लपायची, म्हणे.

भागोजी नुसता कारागीर नव्हता. त्याला एक वेड होतं. तो पाटलाला म्हणाला, सोंगं मी करीन, पण प्रत्येक पाड्याला एक सोंग मिळालं पाहिजे, एकही पाडा सुटता कामा नये. आणि नाच संपला की सोंगानं या बैठकीवर बसून सगळ्यांदेखत मुखवटा उतरवायचा, गावानं त्याचं नाव पुकारायचं आणि पाटलिणीनं आपल्या हातानं त्याला पाणी द्यायचं. देवाच्या पाया पडलात, तर देवामागचा माणूसही बघा, असं त्याचं म्हणणं. पाटलानं देवीपुढं नारळ फोडून कबूल केलं. कबूल करायला काय जातंय.

नदीपलीकडे, खैराचे तुकडे उकळून काथ काढणाऱ्यांचा पाडा होता. अजून आहे. मी तिथलाच. गावाला आमचा काथ चालायचा, आमचं पाणी चालायचं नाही. आमच्यातलं कोणी गावात आलं तर अंगणाच्या कडेला उभं राहायचं आणि आपलं काम सांगायचं. भागोजी मात्र थेट आमच्या भट्टीवर यायचा, आमच्याच भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी प्यायचा. तिथं त्यानं शिनवाऱ्याला नाचताना पाहिलं. शिनवाऱ्या म्हणजे बुधीचा एकुलता एक मुलगा. त्याच्या पायात असा ठेका होता की संबळ वाजवणाऱ्यानं त्याच्याकडे बघून वाजवावं.

बोहाड्यातलं सगळ्यात मोठं सोंग देवीचं. मुखवटा सागाचा, अंगावर जरीचं ओझं, आणि नाच रात्रीपासून उजाडेपर्यंत. तोंडावर मुखवटा असेपर्यंत बोलायचं नाही आणि पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. ते सोंग भागोजीनं शिनवाऱ्याला दिलं. गावानं कुरकुर केली, पण एवढं पेलणारा दुसरा होता कुठे? बुधीला मात्र हे पटलं नाही.

“गावची मान्सं लाकडाच्या पाया पडतील रं बाबा,” ती मुलाला म्हणाली. “लाकूड उतरलं की तुला वळखायची नाय.”

“वळखतील,” शिनवाऱ्या म्हणाला. “माझं नाव पुकारतील. भागोजीदादानं शब्द घेतलाय. एकदा मला त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकू दे, मग मी परत नाचायचा नाय.”

त्याला पाहिजे होतं ते एवढंच. मी आयुष्यभर या गोष्टीचा विचार केलाय, आणि त्यानं जास्त काही मागितलं असं मला अजून वाटत नाही.

बोहाडा झाला. तसा नाच त्याआधी कोणी पाहिला नव्हता आणि नंतरही कोणी पाहिला नाही, असं सांगतात. एकेक सोंग आलं, नाचलं, बैठकीवर बसलं, मुखवटा उतरला, नाव पुकारलं, पाणी प्यालं. शेवटी देवी निघाली. तिनं महिषासुर मारला तेव्हा डोंगरावर ऊन आलं होतं. मग देवी घरोघरी गेली. ज्या बायका शिनवाऱ्याची सावली ओट्यावर पडू देत नव्हत्या, त्यांनी त्याचे पाय धुतले, ओटी भरली, आपली तान्ही मुलं त्याच्या पायावर घातली. मुखवट्याच्या आत कोण आहे हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

देवी बैठकीवर येऊन बसली. सगळं गाव गोळा झालं. पाटलीण तांब्या घेऊन उभी राहिली. शिनवाऱ्यानं मुखवट्याच्या दोरीला हात घातला, आणि पाटील पुढे झाला.

“राहू दे,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुझा मान मोठाच हाय. पर हितं नको काढू. नदीपल्याड जा, तिकडं काढ. समद्यांची आंघोळ करायची पाळी नको आणू.”

कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. सगळे गोड बोलत होते. देवीच्या पायांवर आणखी नारळ आले, आणखी फुलं आली. पाटलिणीनं तांब्यातलं पाणी देवीच्या पायांवर ओतलं आणि ती घरात गेली.

शिनवाऱ्यानं दोरीवरचा हात खाली घेतला, आणि गाव नाव पुकारेल तेव्हाच मुखवटा काढायचा म्हणून तो तसाच बसून राहिला.

आता यापुढचं मी माझ्या आजाच्या तोंडून जसं ऐकलं तसंच सांगतो. चैत्राचं ऊन होतं. भागोजी दारोदार फिरला. एकानं नाव पुकारा, फक्त एकानं, म्हणून हातापाया पडला. गाव म्हणालं, पाटलानं पुकारलं तर आम्ही पुकारू. पाटील म्हणाला, गावानं पुकारलं तर मी कोण अडवणार? असं करता करता ऊन डोक्यावर आलं. मग पाटलानं भागोजीला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की हा इथं तोंड उघडं करून बसला, तर पुढच्या वर्षी बोहाडा नाही. सगळे मुखवटे नदीत जातील आणि पाडे आपापल्या वाटेनं.

भागोजीनं आपल्या मुखवट्यांकडे बघितलं. रांगेनं मांडलेले होते, एकेका पाड्याचा एकेक. त्याच्या जन्माचं काम होतं ते. तो बैठकीपाशी गेला आणि खाली बसला.

“शिनवाऱ्या, या खेपेला ऐक माझं,” तो म्हणाला. “नदीपल्याड जाऊन काढ. पुढल्या वर्षी मी बघतो. एवढं सगळं उभं राहिलंय रं, ते मोडू नको.”

देवीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. भागोजीला स्वतःच कोरलेल्या डोळ्यांकडे बघवेना. तो उठून सावलीत गेला. तुम्हाला वाटेल, त्याच्या हातात काय होतं? त्याच्या हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या होता की. त्याला शिनवाऱ्याचं नावही येत होतं. त्यानं ते पुकारलं असतं, तर गावातला एक तरी आवाज झाला असता. पाटलाचा मला तेवढा राग येत नाही जेवढा भागोजीचा येतो.

बुधी नदीपलीकडून तुंबा भरून आली. तिला त्या उंबराच्या पुढं येऊ दिलं नाही. तिथूनच ती मुलाला हाका मारत राहिली. त्यानं हातानं नको म्हटलं. आईच्या हातचं पाणी तो जन्मभर प्याला होता, आज त्याला गावाचं पाहिजे होतं. तिसऱ्या प्रहरी देवी बैठकीवरून कलंडली. गाव मागं सरलं. शेवटी बुधी आली ती कोणाला न विचारता, आणि तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही. तिनं दोरी सोडली. शिनवाऱ्याचं तोंड उघडं होतं आणि ओठ काळे पडले होते.

तिनं प्रेत खांद्यावर घेतलं आणि जाताना एवढंच म्हणाली, की या गावानं नाव घेऊन हाक मारल्याशिवाय आमच्यातलं कोणी या गावात पाणी पिणार नाही. ती शपथ आमच्या पाड्यात अजून चालते.

पुढच्या वर्षी बोहाडा झालाच. ज्याच्यासाठी भागोजी गप्प बसला ते त्याला मिळालं. देवीचं सोंग पाटलाच्या मुलानं घेतलं. मुखवटा बांधला आणि त्याच्या घशाला अशी कोरड पडली, की हंडाभर पाणी पाजलं तरी तो तहान तहान करत लोळायला लागला, म्हणे. दुसऱ्यानं घेतलं, त्याचंही तेच झालं. गावानं भगताला बसवलं. भगताच्या अंगात देवी आली आणि तिनं दोन गोष्टी सांगितल्या. नदीपलीकडच्या झऱ्याचं पाणी माझ्यापुढं आणा आणि सगळ्या सोंगांनी ते उघड्या तोंडानं प्या. आणि ज्याला तहानलेला मारला त्याच्या माणसांना नावानं हाका मारून पहिल्यांदा पाजा.

गावानं पहिली गोष्ट ऐकली. दुसरी भगत शुद्धीवर येता येता बोलला, ती देवीची नव्हे असं ठरलं.

ही दोणी भागोजीनं कोरली. सुताराचा हात लाकडाचा, तरी त्यानं दगड फोडला आणि त्यानंतर एकही मुखवटा केला नाही. दोणीच्या तळाशी त्यानं एक तोंड कोरलंय. वाका, आत्ता कोरडी आहे म्हणून दिसेल. नाक झिजलंय, पण उघडे ओठ कळतात. पाणी भरलं, वर फुलं टाकली, की ते दिसत नाही. त्यामुळे पिणाऱ्यांपैकी कोणी ते पाहिलेलं नाही; एरवी कोरड्या दोणीत कोण वाकून बघतो? भरणाऱ्यांना तेवढं दिसतं.

आता तुमचा प्रश्न. देवीचं सोंग कोणत्या घराकडे आहे? पाटलांच्याच. वंशपरंपरेनं आहे. आमच्या पाड्याकडे कोणतं? आमच्याकडे सोंग नाही. आम्हाला पाणी आणायचा मान आहे. मी तरुणपणी एकदा विचारलं होतं, की आमच्या पोरांनाही एखादं सोंग द्या. तेव्हा लोक हसून म्हणाले, “मास्तर, येवढा मोठा मान आसताना सोंग कशाला?” मानाच्या माणसानं अजून काय मागायचं?

तुम्ही म्हणता, पाणी आणणाऱ्यांनाही मंचावर घेऊ, दिवा टाकू, टाळ्या मिळतील. मन तुमचं चांगलं आहे, भागोजीचंही होतं. हंडे घेऊन आम्ही येऊ. फक्त एक सांगा, की आमची नावं पुकारायला गावाला सांगाल का? आणि गाव नाही म्हणालं, बोहाडा नेऊ देत नाही म्हणालं, तर काय कराल? बघा, लगेच एकमेकांकडे बघायला लागलात. आत्ता उत्तर देऊ नका. जेवून घ्या, पंचायतीनं सोय केली आहे.

आजही बोहाड्याच्या शेवटच्या पहाटे आमच्या पाड्यातली माणसं झऱ्याचं पाणी डोक्यावर आणून ही दोणी भरतात आणि उंबराच्या पलीकडे, बुधी उभी होती तिथं, उभी राहतात. सोंगं येतात, मुखवटे उतरतात, एकेकाचं नाव पुकारलं जातं आणि एकेक जण ओंजळीनं पितो. शेवटचं नाव देवीचं सोंग घेणाऱ्याचं असतं. त्यानंतर संबळ थांबतो. दोणीत पाणी उरलेलं असतं. ते पिऊ नका असं आम्हाला कोणी म्हणत नाही. आम्ही थोडा वेळ थांबतो, दरवर्षी थांबतो, आणि मग रिकामे हंडे घेऊन नदी उतरतो.