काटा मधोमध

“...पण चौदा हजारांचं काम दोन रुपयांत होत असेल, तर गिऱ्हाइकाचा खिसा कापायचा कशाला, उस्ताद?”

विराज भुवडनं हे विचारलं ते उत्तरासाठी नव्हे. शाबासकीसाठी.

हुसेनमियाँ परकार बाकड्यावर बसून चहा पीत होते. चिपळुणात त्यांचं गॅरेज चाळीस वर्षांचं. हाताखालून किती गाड्या गेल्या याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही, आणि किती शिष्य गेले याची तर नाहीच.

विराज त्यांच्याकडे सहा वर्षं होता. हात हुशार, डोकं त्याहून हुशार, आणि जीभ त्या दोघांच्याही दोन पावलं पुढे. येत्या महिन्यात नाक्यावर स्वतःचं गॅरेज टाकायचं त्यानं ठरवलं होतं. जागा बघून ठेवली होती. फक्त उस्तादांनी ‘जा’ म्हणायचं बाकी होतं.

“दोन रुपयांत काय केलंस?” उस्तादांनी विचारलं.

“ते आपलं कसब.”

बशीतला उरलेला चहा उस्तादांनी सावकाश संपवला.

झालं होतं असं. उस्ताद भाच्याच्या लग्नाला तीन दिवस रत्नागिरीला गेले होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत खातूबाई गाडी घेऊन आल्या.

खातूबाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका, शर्वरी खातू. गाडी सात वर्षांची, जुनीच घेतलेली, छोटी एसयूव्ही. ऐट जीपची आणि जीव साध्या मोटारीचा, अशी ती जात. तिच्या डॅशबोर्डवर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागत होता.

विराजनं बॉनेट उघडलं, गाडीखाली डोकावला, आणि पाढा म्हटल्यासारखा सुरू झाला.

“बाई, या गाड्यांचं ठरलेलंच असतं. क्लच घसरतोय, त्याचे अठ्ठावीस हजार. पुढचे बुश गेलेत, म्हणून खड्ड्यात खडखड येते. त्याचे नऊ. आणि दिवा लागतो तो पाण्याचा पंप गळतोय म्हणून. त्याचे चौदा.”

खातूबाई शेजारच्या जुन्या टायरवर मटकन बसल्या.

“एक्कावन्न हजार? अरे, मला गाडी दुरुस्त करायची आहे, नवीन घ्यायची नाही!”

“क्लच आणि बुश थांबतील. पंप नाही थांबायचा.”

इथवर विराज सरळ होता. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. पगाराला अजून बारा दिवस होते. शुक्रवारी सासूबाईंना कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि ती तारीख दीड महिन्यानं मिळाली होती.

“तो दिवा दिसला की सासूबाई रामरक्षा सुरू करतात,” त्या म्हणाल्या. “घाट संपेपर्यंत थांबत नाहीत. माझे हात थरथरतात रे... निदान तो दिवा तरी घालवता येईल का?”

इथं ‘नाही’ म्हणायचं होतं. पण आपल्याला एखादी गोष्ट येत नाही असं कुणाला वाटावं, हे विराजला मुळीच खपत नसे.

त्यानं इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची वायर काढली आणि तिच्या जागी दोन रुपयांचा एक रेझिस्टन्स जोडून दिला. आता इंजिन गार असो की उकळत असो, तापमानाचा काटा मधोमध. लाल दिवा लागायचा प्रश्नच नाही. वरून टाकीत पाणी भरून ठेवलं.

“बरी झाली ना गाडी?” बाईंनी फोनवर विचारलं होतं.

“काटाच बघा की, बाई!”

बाईंनी त्याला भरभरून आशीर्वाद दिले. ते त्यानं घेतले.

आज तो शुक्रवार होता. बाई अकरा वाजता गाडी न्यायला येणार होत्या.

उस्ताद उठले. गाडीपाशी गेले आणि बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा गार होता. मग आत बसून त्यांनी किल्ली फिरवली.

काटा टुणकन उडून मधोमध जाऊन बसला.

गार इंजिनाचा काटा खाली असायला हवा, हे उस्तादांना सांगायला नको होतं.

“चल,” ते म्हणाले. “घाटात जाऊन येऊ.”

“आत्ता? आठ वाजलेत. अकराला बाई येतील.”

“म्हणूनच.”

विराज स्टेअरिंगवर बसला. उस्ताद त्याच्या शेजारी बसले, जिथं आज खातूबाईंच्या सासूबाई बसणार होत्या.

शिरगाव गेलं. पोफळी गेली. चढ सुरू झाला.

“काटा कुठं आहे?” उस्तादांनी विचारलं.

“मधोमध, उस्ताद.”

पहिली दोन वळणं गाडी झोकात चढली. विराजनं गाणं लावायला हात पुढे केला आणि उस्तादांकडे बघून मागे घेतला.

चौथ्या वळणावर एसीतून गरम वारा यायला लागला. मग एक वास आला. गोडसर, करपट. इंजिनातलं पाणी उकळल्याचा हा वास विराजनं झोपेतही ओळखला असता.



“काटा कुठं आहे?”

“म... मधोमध.”

आता सांगावं, असं त्याला वाटलं. आत्ता सांगितलं तर शिव्या बसतील, फार तर एक थोबाडीत बसेल. पण मग नाक्यावरच्या गॅरेजचं काय? आणखी दोन वळणांनी उस्ताद स्वतःच म्हणतील, बस झालं, वळव. तोवर निभेल. त्यानं दात आवळले आणि गिअर खाली टाकला.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मागे माल भरलेला ट्रक भोंगा वाजवत होता. इंजिनातून कुणी खडे हलवतंय असा आवाज यायला लागला. उस्ताद समोर रस्त्याकडे बघत होते.

“काटा कुठं आहे रे?”



तेवढ्यात बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली. समोरची काच पांढरी झाली. रस्ता दिसेना. विराज किंचाळलाच. कशीबशी त्यानं गाडी वळणाच्या आतल्या बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. ट्रक शिव्या देत बाजूनं निघून गेला.

विराजनं डॅशबोर्डकडे बघितलं आणि किल्ली पुन्हा अर्धी फिरवली.

काटा मधोमध होता.

सहा वर्षांत विराजला गाडीची भीती कधी वाटली नव्हती. आज वाटली, आणि तीही स्वतःच्या हातच्या कामाची.

उस्ताद खाली उतरले. त्यांनी बॉनेट उचललं. आत पाणी खदखदत होतं, नळ्या फुगून टम्म झाल्या होत्या. उस्तादांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

“इकडे ये.”

विराज जवळ गेला. उस्तादांनी एकदम डाव्या हातानं त्याचं तोंड दाबलं. असं घट्ट की ओठ दातांवर चेपले.

आणि उजवा हात, उघडाच, पाण्याच्या टाकीच्या झाकणाकडे नेला.

विराजचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

तापल्या इंजिनाच्या झाकणाला हात लावायचा नाही, हा या गॅरेजचा पहिला धडा. पहिल्याच आठवड्यात विराज ते उघडायला गेला होता, तेव्हा उस्तादांनी अशी मुस्कटात मारली होती की दोन दिवस कान वाजत होता. ‘हात शिजेल, गाढवा!’ असं तेव्हा हेच उस्ताद ओरडले होते.

“म्म... म्म!”

उस्ताद ऐकेनात. विराजनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. चाळीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवलेला हात तो, तसूभर हलेना. दुसरा हात झाकणापासून एक वीत राहिला... चार बोटं राहिला... वाफेत बोटं दिसेनाशी झाली.

विराज चावला.

जीव खाऊन चावला. तोंडात रक्ताची चव आली तेव्हा पकड सुटली.

“गरम आहे! हात काढा, उस्ताद! हात काढा!”

घाटात त्याचा आवाज घुमला. समोरच्या झाडावरचं वानर दचकून वरच्या फांदीवर गेलं.

उस्तादांनी दोन्ही हात मागे घेतले.

नळीतून पाणी ठिबकत राहिलं...

विराजनं उस्तादांच्या तळव्याकडे बघितलं आणि त्याच्या अंगावर काटा आला. अर्धगोलात दात उमटले होते आणि रक्त मनगटाकडे ओघळत होतं. ज्या हातानं पाना धरायला शिकवलं, त्याच हाताचा आपण लचका तोडला.

“चावलास?” उस्तादांनी शांतपणे विचारलं.

“मग काय करू?” विराज रडकुंडीला आला होता. “तोंड दाबलंत तुम्ही माझं! मला दिसत होतं हात भाजणार म्हणून, आणि सांगता येईना, आणि तुम्ही आपले...”

वाक्य तिथंच थांबलं. गाडीचंही तोंड त्यानं असंच दाबलं होतं.

तो गाडीकडे वळला. मग वाफ ओसरल्यावर फडकं गुंडाळून त्यानं आत हात घातला, रेझिस्टन्स उपटून काढला आणि मूळची वायर सेन्सरला जोडली. किल्ली फिरवली.

काटा सरसर वर गेला. लाल दिवा भक्कन लागला.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. खातूबाई होत्या.

“विराज, तयार आहे ना रे गाडी? सासूबाई आत्तापासूनच शाल घेऊन दारात बसल्यात.”

विराजनं उस्तादांकडे बघितलं. उस्ताद दरीकडे तोंड करून उभे होते.

“बाई... गाडी बरी नाही. कधीच बरी झाली नव्हती. मी नुसता दिवा बंद केला होता.”



“म्हणजे... आज मी घाटात...”

“हो, बाई. मी आत्ता घाटातच आहे. इंजिन उकळलंय. पुढच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला होता. मी कसाबसा थांबलो.”

बाईंचा श्वास ऐकू आला. मग अगदी बारीक आवाज.

“लेकीलाही नेणार होते रे मी आज. मागच्या सीटवर...”

फोन बंद झाला.

विराज रस्त्याकडेच्या दगडावर बसला. तो रडत होता आणि ते लपवावं असं त्याला वाटत नव्हतं.

“उस्ताद, नाक्यावरची जागा नको म्हणून सांगतो.”

उस्ताद दरीकडून वळून त्याच्याजवळ आले.

“बाईंना कऱ्हाडला पोचवायला तुमची गाडी घेऊन जाऊ?”

उस्तादांनी खिशातून स्वतःच्या गाडीची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. वरून एक रिकामा टेम्पो वळण घेत उतरत होता. तो थांबवून परत फिरायचं म्हणून विराजनं उठून डोळे पुसले, आणि पुन्हा त्याची नजर त्या तळव्यावर गेली. रक्त अजून थांबलं नव्हतं. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून त्यांच्या हाताला गुंडाळला.

“माफ करा, उस्ताद. मी तुम्हाला चावलो.”

उस्तादांनी तो बांधलेला हात गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवला. अगदी हलकेच, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

“माफी कशाची, बाबा? तुला दात होते.”