अर्धा घास

तोंड, डोळे, हातपाय असं काही अजून कुणाला आलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. समुद्रातल्या एका खडकावर एक स्पंज राहत होता. त्याच्या पोटात इवल्या इवल्या पेशी रांगेत बसून शेपटीने पाणी ढवळायच्या आणि त्यातून येईल ते गाळून खायच्या. चवरी त्यांतलीच एक.

तिच्या शेजारची गोटी एके दिवशी शेपटी टाकून आत जाऊन बसली. स्पंजाचं पिल्लू आता तिच्यापासून व्हायचं होतं, म्हणून रांगेतली प्रत्येक जण तिला आपल्यातला अर्धा घास देऊ लागली. गोटी चांगली गरगरीत झाली. चवरीचा नुसता जळफळाट!

"कालपर्यंत माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. आज आयतं गिळते, आणि मी मेली शेपटी हलवतेय!"

एका सकाळी पाण्याबरोबर एक चिमुकला पाहुणा तिच्यापाशी येऊन थडकला.

"पलीकडच्या खडकावरून आलोय, ताई. मला गोटीपर्यंत पोचवता? माझ्यावाचून तिचं पिल्लू व्हायचं नाही."

म्हणजे आता आईसुद्धा हीच होणार! चवरीने त्याला गिळून टाकलं.

"कुणी आलं होतं का गं?" गोटीने आतून विचारलं.

"कोण येणार?" चवरी म्हणाली.

मोसम सरला. वाट पाहून पाहून गोटी खचली आणि एक दिवस फुटली. तिच्यात साठलेलं अन्न स्पंजाने रांगेत वाटून टाकलं. चवरीला तिचे सगळे अर्धे घास परत मिळाले.

त्यातला पहिलाच काही केल्या तिच्या गळ्याखाली उतरेना.