उलटं ठेवलेलं पान

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात शिवणकाम करणारी एक बाई एकटीच राहत होती. तिचं नाव शालन. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पोरबाळ नव्हतं. एके काळी तिच्या ओसरीवर बायकांची सारखी ये-जा असायची. कुणी ब्लाउजचं माप द्यायला यायची, कुणी साडीला फॉल लावून घ्यायला. माप देता देता बाई चार गोष्टी बोलायची आणि अख्खं गाव शालनला घरबसल्या कळायचं.

पुढं बाजारपेठेत तयार कपड्यांचं मोठं दुकान निघालं. माणसं तिकडं वळली. शालनशी कुणाचं वाकडं नव्हतं. तिच्याकडे जायचं कारण उरलं नव्हतं, एवढंच. कधी कधी ती सुईत दोरा न ओवताच मशीन चालवायची. आवाज झाला म्हणजे घरात काहीतरी चाललंय असं वाटायचं.

एका उन्हाळ्यात तिच्या भावाची मुलगी केतकी शहरातून चार दिवस राहायला आली. तिच्या पिशवीत एक पत्त्यांचा कॅट होता. पण त्यात ना बदामची राणी होती, ना इस्पिकचा एक्का. प्रत्येक पानावर वेगळंच चित्र.

"हे टॅरोचे पत्ते, आत्या," केतकी म्हणाली. "हे खेळायचे नाहीत, वाचायचे."

"वाचायचे? यावर अक्षर तर एक दिसत नाही."

"चित्रं वाचायची."

मग केतकीनं तिला एकेक पान दाखवलं. खांद्यावर गाठोडं टाकून कड्याच्या टोकावर उभा असलेला वेडा. वीज पडून ढासळणारा मनोरा. सिंहाचा जबडा नुसत्या हातानं मिटवणारी बाई. पान सुलट आलं तर वाट मोकळी, उलटं आलं तर वाट अडलेली. शालन चष्मा लावून बघत राहिली. इतकी माणसं एकदम घरात आली, असं तिला वाटलं.

"मग यातून पुढचं कळतं?" तिनं विचारलं.

"छे गं. पुढचं कुणाला कळतंय? माणसाला आपल्या मनातलं बोलता येत नाही, म्हणून मध्ये चित्र ठेवायचं. ते बघून तो बोलतो, आपण ऐकायचं. एकच लक्षात ठेव. कुणाला भीती घालायची नाही."

जाताना केतकी कॅट तिथंच ठेवून गेली.

शालन मन लावून शिकू लागली. रोज सकाळी आंघोळ झाली की ती एक पान काढायची, त्याचा अर्थ आठवायची आणि दिवसभर तो अर्थ खरा होतो का ते बघायची. एकदा तीन बाया हातात पेले उंचावून नाचताहेत असं पान निघालं. आज मैत्रिणी येणार! तिनं ओसरी झाडली, सतरंजी घातली, चहाचं आधण तयार ठेवलं. संध्याकाळपर्यंत एक शेळी तेवढी ओसरीवर चढली. पान चुकलं की आपला दिवस चुकला, हे तिला ठरवता येईना.

एके दिवशी शेजारची हौसाक्का चाळण मागायला आली आणि पत्ते बघून थबकली.

"हे काय गं शालन? पत्ते कुटायला लागलीस काय या वयात?"

शालननं समजावून सांगितलं. हौसाक्कानं गंमत म्हणून एक पान ओढलं. पानावर चंद्र होता, खाली दोन कुत्री त्याच्याकडे तोंड करून भुंकत होती.

"माझी सूनच की ही," हौसाक्का म्हणाली आणि बसलीच. सुनेशी अबोला कसा सुरू झाला, ते सगळं तिनं सांगितलं. तासभर तरी ती बोलत होती. चाळण न्यायची विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जावेला घेऊन आली. मग जावेची विहीण आली. बघता बघता शालनची ओसरी भरू लागली. ती कुणाकडून काही घेत नसे, उलट चहा पाजायची. त्यामुळे तिच्या शब्दावर कुणी संशय घेतला नाही.

होता होता शालनच्या एक गोष्ट लक्षात आली. ती तिला केतकीनं शिकवली नव्हती. जिला चांगलं पान निघायचं ती बाई हसत उठायची, पदर सावरायची आणि पुन्हा फिरकायची नाही. जिला वाईट निघायचं ती दुसऱ्या दिवशी दारात हजर. पारूबाईला सूर्याचं पान निघालं. तिच्या नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि मग पारूबाई रस्त्यानं जाताना लांबूनच हात हलवू लागली. हौसाक्काची चिंता मात्र मिटत नव्हती. हौसाक्का रोज यायची.

शालन एकदम खोटं बोलू लागली असं नाही. सुरुवातीला ती चांगली गोष्ट अर्धीच सांगायची. "बरं आहे तसं. पण पुढं जरा धूसर दिसतंय. परवा ये, बघू." मग धूसरचं अंधारलेलं झालं. परवाचं उद्या झालं. ओसरीवर चपला वाढत गेल्या. त्या चपलांकडे बघून शालनला बरं वाटायचं.

येणाऱ्यांमध्ये एक मुलगी मात्र पत्त्यांसाठी येत नव्हती. तिचं नाव सगुणा. तिच्या बापाची पिठाची गिरणी होती. आई लहानपणीच गेलेली. गिरणी बंद झाली की अंगावरचं पीठ झटकत ती शालनकडे यायची. "काकू, आज काय केलंत? काकू, तुमचं लग्न कसं ठरलं ते सांगा ना." शालनच्या पायाला भेगा पडल्या तर स्वतः मेण-तेल घेऊन बसायची. पत्ते तिनं कधी हातातही घेतले नव्हते. ती यायची ती शालनकडे.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंची सगुणावर मर्जी होती. त्यांनी खटपट करून जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिचं नाव घातलं. एका संध्याकाळी सगुणा धावतच आली.

"काकू, माझा नंबर लागला! तीन वर्षं तिथंच राहायचं. बाबा म्हणतात, तुझं मन होत असेल तर जा. मन होतंय, पण भीतीही वाटतेय. तुमचे ते पत्ते काय म्हणतात बघा की एकदा."

शालननं पत्ते पिसले. सगुणानं एक पान ओढून पालथंच पुढं सरकवलं. शालननं ते उचलून आधी स्वतः पाहिलं. रथ होता. दोन जनावरं जुंपलेली, रथात ताठ उभा राहिलेला तरणाबांड माणूस. पान सुलट होतं. याहून चांगलं पान प्रवासाला निघणाऱ्या माणसाला निघत नाही, हे शिकाऊ असूनही तिला कळत होतं.

पण पान हातात धरून असताना तिला त्यावरचं चित्र सोडून दुसरंच दिसलं. संध्याकाळची रिकामी ओसरी दिसली. आणि खाली ठेवताना तिनं पान हळूच फिरवून ठेवलं.

"उलटं आलंय गं," ती म्हणाली. "रथ उलटलाय. एवढ्यात निघू नको."

सगुणाचा चेहरा उतरला. जायचा दिवस आला आणि गेला. तिच्या जागी दुसरीच कुणी मुलगी गेली.

शालनला वाटलं होतं, आता सगुणा जवळच राहणार. आणि खरंच, ती रोज येऊ लागली. आधी एक वेळ यायची, आता दोनदा येऊ लागली. पण आल्या आल्या म्हणायची, "काकू, पान काढा." गिरणीचा पट्टा बदलावा का, मामाकडे जावं का, सोमवारी केस धुवावेत का, सगळं ती पत्त्यांना विचारू लागली. स्वतःच्या मनावरचा तिचा विश्वासच उडाला होता. पान निघेपर्यंत ती पत्त्यांवर नजर खिळवून बसायची आणि उत्तर मिळालं की उठून जायची. ती हसत नसे, काही सांगत नसे. शालनच्या पायांकडे तिनं पुन्हा कधी पाहिलं नाही.

एकदा शालनला दोन दिवस ताप होता. ओसरीवर सात-आठ बायका येऊन बसल्या होत्या. शालन अंगावर घोंगडी घेऊन पानं मांडत होती. प्रत्येकीनं आपलं पान विचारलं. सगुणानंही विचारलं. 'तुम्हाला बरं नाही का?' असं कुणीच विचारलं नाही. सगळ्या गेल्यावर शालन तिथंच आडवी झाली. मशीनशी एकटी बसायची तेव्हाही तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

काही आठवड्यांनी नर्सबाई सगुणाच्या गिरणीत आल्या. एक मुलगी शिक्षण सोडून घरी परतली होती. जागा मोकळी झाली होती. "पण उद्याच निघावं लागेल," त्या म्हणाल्या. "या वेळी नाही म्हणालीस तर मी पुन्हा तुझ्यासाठी शब्द टाकू शकणार नाही."

सगुणा थेट शालनकडे आली. तिनं स्वतःच पान ओढलं, स्वतःच उलथलं. मनोरा होता. वर वीज पडलेली, माणसं डोकं खाली, पाय वर अशी कोसळत होती.

"बघा," सगुणा पडलेल्या आवाजात म्हणाली. "माझ्या नशिबातच नाही ते."

या वेळी शालनला काहीच करायचं नव्हतं. पान खरंच वाईट आलं होतं. ती नुसती गप्प राहिली असती तरी सगुणा गावातच राहिली असती, आणि दोष कुणाला लागला नसता. शालननं त्या मुलीकडे पाहिलं. वाट चुकलेलं वासरू उभं राहावं तशी ती दिसत होती. शालननं पान उचललं, सगळे पत्ते गोळा केले आणि बाजूला सारले.

"सगुणा, मागच्या वेळी रथ सुलट आला होता. मी तो फिरवून ठेवला."

सगुणाला आधी काही समजलंच नाही. "का?"

"तू गेलीस तर माझ्याशी बोलायला कोण येणार, म्हणून."

"आणि हे? हे मनोऱ्याचं पान?"

"ते मला वाचता येत नाही. मला कुठलंच पान वाचता येत नाही, बाळ. मी इतके दिवस माझी भीती तेवढी वाचून दाखवली तुम्हा सगळ्यांना. तुला जायचंय का नाही, हे तुझं तुला ठाऊक आहे. पळत आली होतीस त्या दिवशी, आठवतंय ना?"

सगुणानं बाजूला सारलेल्या पत्त्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकू, तुम्ही नुसतं म्हणाला असता की सगुणा, तुझ्यावाचून मला करमणार नाही, तर मी दर सुट्टीला धावत आले असते."

"तेवढंच म्हणायला तोंड उघडलं नाही माझं," शालन म्हणाली.

सगुणा उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती जिल्ह्याच्या गावी निघून गेली. निरोप घ्यायला आली नाही.

त्या दुपारी ओसरीवर बायका जमल्या तेव्हा शालननं त्यांनाही खरं ते सांगून टाकलं. हौसाक्का तर उसळलीच. "माझी रात्रीची झोप उडाली होती की गं! सुनेच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं होतं मी!" एकेक करून सगळ्या उठल्या. ओसरी रिकामी झाली आणि तशीच राहिली. शालननं कॅट केतकीकडे परत पाठवून दिला. 'मला ऐकायला जमलं नाही,' एवढाच निरोप त्यासोबत दिला.

हौसाक्कानं सुनेशी बोलायला सुरुवात केली, हे शालनला पाण्याच्या नळावर कळलं. तिला बरं वाटलं. सांगायला मात्र कुणी नव्हतं. पावसाळा गेला, थंडी आली. शालन सकाळी उठायची, काम करायची, झोपायची. आपण केलं त्याचं हे फळ, असं ती मनाशी म्हणायची आणि कुणाला दोष द्यायची नाही.

एका दुपारी ती ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. फाटकाशी कुणीतरी थांबलं. मान वर करून बघते तर सगुणा. अंगावर चापूनचोपून नेसलेली साडी, खांद्याला पिशवी. सुट्टी संपवून ती परत निघाली होती.

"काकू, कशा आहात?"

हा प्रश्न शालनच्या कानावर किती दिवसांनी पडला होता. तिनं हातातले तांदूळ बाजूला ठेवले.

"बरी आहे. तू गं?"

"शिकतेय. पहिलं इंजेक्शन देताना पेशंटपेक्षा मीच जास्त घाबरले होते." सगुणा किंचित हसली. मग तिनं खांद्यावरची पिशवी सावरली.

शालनच्या मनात खूप होतं. तिला हाताला धरून आत न्यावं, चहा टाकावा, माफ केलंस का विचारावं. पण मुलीची नजर रस्त्याकडे लागलेली तिला दिसली.

"नीघ तू," शालन म्हणाली. "एसटी चुकेल तुझी."

"येते काकू," सगुणा म्हणाली.

जाणारं माणूस असंच म्हणतं. त्यात पुन्हा येण्याचं वचन असतं की ती नुसती रीत असते, हे शालनला ठाऊक नव्हतं. तिनं ते कुणाला विचारलंही नाही. फाटकाशी उभी राहून ती सगुणा वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

तात्पर्य: भीती घालून अडवलेलं माणूस आपल्या दाराशी येतं, पण आपली सोबत करत नाही; ज्याची सोबत हवी, त्याला आधी मोकळ्या मनानं जाऊ द्यावं.