सुईबाईंचा वाढपी

त्या राज्यात खरे सांगणारीचा आवाज फार बारीक होता. तिचे नाव सुईबाई. काळ्या तबकडीवर कोरलेले जुने बोल तिलाच वाचता येत. पण ती बोलली तर शेजारच्या मुंगीलाही ऐकू जात नसे. म्हणून तिचा बोल मोठा करून चौकातल्या कर्ण्यापर्यंत नेणारी एक पेटी ठेवत. तिला वाढपी म्हणत. वाढप्याने पातेल्यात आहे तेच पानात वाढायचे, पदरचे मीठ घालायचे नाही, एवढाच नियम.

जुना वाढपी गेला तो नेमका तळ्याचा तंटा पेटला तेव्हा. वरच्या आळीचे हंडे म्हणत, तळे आमचे. खालच्या आळीची मडकी कोरडी ठणठणीत पडली होती. निवाडा तबकडीच्या शेवटच्या रेघेत होता, आणि ती रेघ इतकी झिजली होती की आणखी एकदाच वाचता आली असती.

नवा वाढपी निवडायचे काम दांडोबाकडे आले. दांडोबा म्हणजे सुईबाईंना खांद्यावर वाहणारा म्हातारा दांडा. कोणावर विश्वास न ठेवण्यातच त्याचा जन्म गेला होता.

तीन पेट्या आल्या. दांडोबाने सुईबाईंना तबकडीपासून वर उचलून धरले आणि म्हणाला, "वाढा."

"अहो दांडोबा, पातेलं रिकामं आणि वाढा काय?" एक हंडा हसला.

"तेच बघायचंय."

पितळी पेटीने कर्ण्यातून घनगंभीर हुंकार काढला. हंड्यांनी माना लववल्या. "काय भारदस्त आवाज! पूर्वजच बोलले."

"पूर्वज अजून तबकडीत आहेत," दांडोबा म्हणाला. "दुसरी."

दुसरीच्या पोटात काचेचे दिवे होते. ते मंद उजळले आणि कर्ण्यातून मधाळ बोल आले, "तळे वरच्या आळीचे."

मडकी हबकली.

"सुईबाई, तुम्ही बोललात?" दांडोबाने विचारले.

सुईबाईंनी मान हलवली. नाही.

"मग हिला पढवलं कोणी?"

हंडे आभाळाकडे बघू लागले.

तिसरी पेटी पत्र्याची, कोपरे चेपलेली. कर्ण्यातून काहीच आले नाही.

"मुकी आहे हो!" एक हंडा म्हणाला. "दांडोबा, तुमच्याच घुम्या जातकुळीची दिसते."

दांडोबालाही तिचा संशय आला. गप्प असणारा एक तर प्रामाणिक असतो, नाही तर मेलेला. त्याने मुंगीला सुईबाईंच्या टोकावर चढायला सांगितले. कर्ण्यातून सहा पावले वाजली, एकेक वेगळे.

पण त्यांच्यामागे आणखी काही होते. कुरकुर.

"सापडली!" हंडे ओरडले. "ही तर कुरकुरते. काढा बाहेर!"

दांडोबा पेटीकडे वळला. कुरकुर वाढली. तो थांबला. कुरकुर थांबली. तो पुन्हा तसूभर हलला, आणि मग बराच वेळ हललाच नाही. ही कुरकुर त्याने इतकी वर्षे जुन्या वाढप्याच्या माथी मारली होती.

"तेल आणा," तो म्हणाला.

"पेटीला का?" एका मडक्याने विचारले.

"मला."

थेंब सांध्यात मुरला. मग त्याने पत्र्याची पेटी ठेवून घेतली आणि सुईबाईंना शेवटच्या रेघेवर अलगद टेकवले.

"तळे तहानलेल्याचे," कर्णा बोलला.

त्या बोलाच्या आधी कर्ण्यात दुसरे काही वाजले नाही, आणि नंतरही.